मोत्याची वही
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मी तुमची पशुसखी. एरवी या कार्यक्रमात आपण शेळ्यांविषयी बोलतो. कधी लसीकरण, कधी करडांची निगा, कधी चारा. आज मात्र विषय जरा वेगळा आहे.

गेल्या महिन्यात एका गटाची बैठक संपली. बाया उठल्या, सतरंजी गोळा झाली, तरी एक ताई तिथंच घुटमळत राहिल्या. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, "बाई, कुत्र्याचं विचारलं तर हसाल का?" त्यांचं कुत्रं चार महिने पातळ हागत होतं. मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, चार दिवस थांबायचं, पाचव्या दिवशी परत सुरू. अंगणाला वास, सकाळी उठून आधी तेच धुवायचं. घरातले म्हणत होते, कुठंतरी नेऊन सोडा. विचारता विचारता त्या ताईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी हसले नाही. कारण तीन वर्षांपूर्वी मीसुद्धा याच वाटेनं गेले. म्हणून आज आमच्या मोत्याची गोष्ट सांगते आणि त्या गोष्टीच्या आधारानं कुत्र्याच्या पोटाच्या जुनाट आजाराविषयी बोलते.

मोत्या आमच्या घरी आला तो मुलीच्या दप्तरातून. शाळेतून येताना तिनं ओढ्याकाठी भिजलेलं पिल्लू उचललं होतं. आता तो शेळ्यांच्या वाड्यासमोर झोपतो. आमच्याकडं माळाला लांडग्याचं भय आहे. मोत्या मोठा झाल्यापासून आमचं एकही करडू रात्रीचं गेलेलं नाही.

तो तीन वर्षांचा असताना त्याला हगवण लागली. वाटलं, काहीतरी सडकं खाल्लं असेल, जाईल दोन दिवसांत. गेली, आणि पुन्हा आली. असं होत होत दोन महिने गेले. केसांवरची चमक गेली, बरगड्या दिसायला लागल्या. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. आत्याबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. आणि मी, पशुसखी असून, शेळ्यांचं उरलेलं जंताचं औषध त्याला अंदाजानं पाजलं. आज सांगताना लाज वाटते. शेळीचं औषध शेळीच्या वजनासाठी असतं. त्यातली काही औषधं कुत्र्याला जास्त झाली तर विषासारखी बाधतात. मोत्याचं नशीब, त्याला काही झालं नाही. पण फरकही पडला नाही.

जुनाट आजार कशाला म्हणायचं?

एक-दोन दिवस पोट बिघडणं वेगळं. ३ आठवड्यांहून जास्त दिवस हगवण किंवा उलट्या चालू असतील, किंवा थांबून थांबून परत येत असतील, तर तो जुनाट आजार समजायचा. अशा वेळी नुसतं जुलाब थांबवणारं औषध देणं म्हणजे गळक्या छपराखाली पातेलं ठेवणं. पातेलं भरतं, आपण ओततो, पण भोक तसंच राहतं.

दवाखान्यात जाण्याआधी आपण घरीच एक गोष्ट पाहू शकतो. किळस वाटली तरी शी नीट बघायची. कुत्रं दिवसातून दोन-तीन वेळाच, पण भरपूर आणि पातळ हागत असेल आणि अंगानं वाळत चाललं असेल, तर दोष बहुधा लहान आतड्यात असतो. अन्न अंगी लागत नाही, म्हणून ते वाळतं. याउलट कुत्रं सारखं सारखं बसतंय, कुंथतंय, थोडं थोडं पडतंय, त्यात शेंबडासारखी बुळबुळ किंवा लाल रक्ताचे थेंब आहेत, तर दोष बहुधा मोठ्या आतड्यात असतो. शी डांबरासारखी काळी आणि चिकट असेल तर पोटात वरच्या भागात रक्तस्राव होत असल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. एवढं तुम्ही सांगितलंत की डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं.

कारणं अनेक असतात

लक्षण एकच, पण कारणं निरनिराळी. मुख्य कारणं सांगते.

पहिलं कारण जंत. गोल जंत, अंकुशकृमी, चपटे जंत. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. अशा कुत्र्याच्या हिरड्या फिक्या पडतात. चपट्या जंतांचे तुकडे शेपटीखाली तांदळाच्या किंवा काकडीच्या बीसारखे चिकटलेले दिसतात. काही अगदी बारीक जीव मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, ते सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतात.

दुसरं कारण खाणं. एखादा पदार्थ कुत्र्याच्या पोटाला मानवत नाही आणि तोच रोज पोटात जातो. आपल्याकडं यात पहिला नंबर दुधाचा. पिल्लू असताना दूध पचतं. मोठेपणी बऱ्याच कुत्र्यांच्या पोटात दुधातली साखर पचवणारा रस कमी होतो, मग दूध प्यायलं की जुलाब. तेलकट-तिखट रस्सा, चरबी, उष्टं-खरकटं, उकिरड्यावरचं खाणं हेही त्यातच आलं.

तिसरं कारण स्वादुपिंड. जठराजवळच्या या ग्रंथीतून अन्न पचवणारा रस येतो. तो कमी पडला तर कुत्रं अधाशासारखं खातं आणि तरी वाळत जातं. शी ढीगभर, फिकट आणि तुपकट पडते. याला डॉक्टर पाचक रसाची भुकटी देतात. ती प्रत्येक जेवणात मिसळायची, आणि बहुतेक वेळा जन्मभर.

चौथं कारण आतड्याची जुनी सूज. आतडं आतून लालसर आणि जाड होतं, आणि का होतं ते दर वेळी सापडत नाही. याशिवाय यकृत, मूत्रपिंड बिघडलं तरी उलट्या होतात, भूक मरते.

म्हणून शेजारणीच्या कुत्र्याला लागू पडलेलं औषध आपल्या कुत्र्याला लागू पडेलच असं नाही.

डॉक्टरांकडं जाताना

मी शेवटी मोत्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. जाताना काय न्यायचं ते लिहून घ्या. सकाळची ताजी शी, चमचाभर, झाकणाच्या स्वच्छ बाटलीत. आतापर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांची रिकामी पाकिटं. आणि कुत्रं काय काय खातं त्याची खरी यादी. खरी म्हणते, कारण मी डॉक्टरांना सांगितलं, "भाकरी खातो." त्यावर मुलगी पटकन म्हणाली, "आई, तो बिस्किटं पण खातो, आजी दूध देते, आणि रविवारी मटणाची हाडं."

कुत्र्याचं वजनही माहीत हवं, कारण औषधाचं माप वजनावर ठरतं. वजनकाट्यावर आधी कुत्र्याला उचलून घेऊन उभं राहायचं, मग एकटीनं. दोन्हींतला फरक म्हणजे कुत्र्याचं वजन. मोत्या १४ किलो भरला. काटा नसेल तर हातानं अंदाज घेता येतो. आपली मूठ आवळा आणि बोटांच्या पेरांवरून दुसरा हात फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तशा टोचत असतील तर ते फार वाळलंय. आता हात सरळ करून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर कुत्रं ठीक आहे.

मोत्याच्या शीत जंत निघाले नाहीत. डॉक्टरांनी पोट चाचपलं, रक्त तपासायला घेतलं. मग म्हणाले, "आता १५ दिवस एकच गोष्ट करायची. त्यानं आजवर फारसं न खाल्लेलं असं साधं खाणं द्यायचं, आणि त्याशिवाय एक कणही नाही." खाण्यामुळं बिघडलेलं पोट असेल तर बहुधा दोन आठवड्यांत फरक दिसतो. नाही दिसला तर पुढचा तपास. पोटाच्या जुनाट तक्रारी असलेल्या कितीतरी कुत्र्यांना नुसत्या खाण्याच्या बदलानं उतार पडतो, असंही त्यांनी सांगितलं.

तीन अंडी आणि घरातलं भांडण

मोत्यानं अंडं क्वचितच खाल्लं होतं. म्हणून ठरलं ते असं: दिवसाला १५० ग्रॅम तांदळाचा मऊ भात, ३ उकडलेली अंडी, चमचाभर तेल आणि थोडा उकडलेला लाल भोपळा. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर नाहीच. हे सगळं तीन वेळा विभागून, कारण थकलेल्या पोटाला थोडं थोडं बरं पचतं. हे माप मोत्याचं आहे, तुमच्या कुत्र्याचं माप तुमच्या डॉक्टरांना विचारा. नवं खाणं एकदम सुरू करायचं नाही. पाच-सात दिवस जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत जायचं, मग १५ दिवस मोजायचे.

घरी आले आणि भांडण उभं राहिलं. मालक म्हणाले, "पोरांच्या तोंडचं अंडं कुत्र्याला घालणार?" बोलणं खोटं नव्हतं. दिवसाला तीन म्हणजे महिन्याला ९० अंडी. परसातल्या कोंबड्यांची अंडी विकून माझा गटाचा हप्ता जातो. दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मीच हिशोब मांडला. एक बोकड लांडग्यानं नेला तर किती अंड्यांचे पैसे जातील? वाड्यावर राखणीला माणूस ठेवला तर किती? मालक काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी कोंबड्यांच्या खुराड्याची तुटलेली जाळी त्यांनी बांधून दिली. मी समजले.

मैत्रिणींनो, प्रत्येकीच्या घरी हे जमेलच असं नाही. डॉक्टरांना आपली परिस्थिती मोकळेपणानं सांगा. स्वस्तात काय बसेल ते तेही सुचवतात. मात्र एक लक्षात ठेवा. नुसता भात-अंडी किंवा नुसती भाकरी हे वर्षानुवर्षाचं पुरं अन्न नाही. त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं कमी पडतात. खाणं कायमचं बदलायचं असेल तर वरून काय द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आतड्याच्या जुन्या आजारात बी-१२ जीवनसत्त्व अंगात कमी होतं. तसं असेल तर डॉक्टर त्याची इंजेक्शनं देतात.

वही काय बोलली

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितलं होतं. बचत गटात वही लिहायची आपल्याला सवय आहेच. मुलीनं शाळेच्या जुन्या वहीत रकाने पाडले: तारीख, काय खाल्लं, किती वेळा शी, उलटी झाली का, औषध दिलं का. शीला तिनं आकडे दिले. १ म्हणजे बांधून, २ म्हणजे शेणासारखी, ३ म्हणजे पाण्यासारखी.

पहिला आठवडा बरा गेला. ३ चा आकडा २ वर आला. मग एका सोमवारी एकदम ३. मंगळवारी ३. पुढं पुन्हा २. पुढच्या सोमवारी परत ३. मला वाटलं, संपलं, या खाण्याचाही उपयोग नाही. मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "आई, बघ ना, सोमवारीच होतंय." सोमवारच्या आधी रविवार. रविवारी आमच्याकडं मटण.

हाडं कोण टाकत होतं ते विचारायची गरज पडली नाही. मालकांनी मान खाली घातली. आणि मग आत्याबाई म्हणाल्या, "मी पण रोज थोडी दूध-भाकरी देते. मुकं जनावर, माझ्या ताटाकडं बघत बसतं. मला घास जात नाही."

बायांनो, इथं मला राग आला असता तर सगळं बिघडलं असतं. घरातली सगळी माणसं त्याला मायेनंच भरवत होती, आणि त्या मायेनंच त्याचं पोट दुखत होतं. शिजवलेली हाडं तर दुहेरी धोक्याची. ती तुटून टोकदार होतात, घशात किंवा आतड्यात रुततात. मी आत्याबाईंना म्हटलं, "आत्याबाई, मोत्याला खायला तुम्हीच घालायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. गोळीसुद्धा अंड्यात दडवून तुम्हीच द्यायची." त्यांच्या हातचा घास त्यांच्याकडंच राहिला, फक्त घास बदलला. त्या दिवसापासून आत्याबाईंइतकं कडक पथ्य कुणी पाळलं नाही. पोरांनी बिस्किट दाखवलं तरी त्या काठी उगारतात.

शेजारच्या तीन घरांतही मी सांगून आले, मोत्याला काही टाकू नका. जेवणाच्या वेळी त्याला आत बांधायला लागले. तिसऱ्या आठवड्यात वहीत पहिल्यांदा १ चा आकडा आला. मुलीनं त्याभोवती लाल शाईनं फूल काढलं.

औषधांविषयी

माणसाची औषधं कुत्र्याला देऊ नका. अंगदुखीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बिघडतं. पॅरासिटामॉलही अंदाजानं देऊ नये. जुलाब बंद करायची माणसाची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दर वेळी जंतुनाशक गोळ्यांचा मारा केला तर आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात आणि पोट आणखी नाजूक होतं.

आतड्याची सूज मोठी असेल तर डॉक्टर कधीकधी स्टेरॉईड देतात. त्यानं कुत्र्याला तहान-भूक वाढते, लघवी जास्त होते. घाबरू नका. पण बरं वाटलं म्हणून ही गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका. ती डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करावी लागते.

खाण्यातली काही विषंही ठाऊक असू द्या. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, बेदाणे, मनुके यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, म्हणून बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या बायांनी विशेष जपायचं. चॉकलेटही नको.

घरातली माणसंही जपा

कुत्र्याच्या शीतून जंतांची अंडी मातीत जातात. गोल जंतांची अंडी ताज्या शीत लगेच बाधत नाहीत. मातीत दोन आठवडे किंवा जास्त दिवस राहून ती तयार होतात. म्हणून रोजची शी रोज उचलली तर अर्धं काम झालं. खुरप्यानं उचलून खोल खड्ड्यात पुरा. खड्डा विहिरीपासून, हातपंपापासून लांब असावा. परसातल्या भाजीच्या वाफ्यात ही शी खत म्हणून घालू नका. अंकुशकृमींची पिल्लं अनवाणी पायातून शिरतात आणि खाज सुटते. म्हणून पोरांच्या पायात चप्पल हवी. कुत्र्याला हात लावल्यावर, जेवणाआधी, साबणानं हात धुवायचे.

आणखी एक. शेळी-मेंढी कापल्यावर यकृत-फुप्फुसाचे खराब तुकडे कुत्र्याला कच्चे टाकतात. त्यात पाण्यासारख्या गाठी असतील तर कुत्र्याच्या पोटात एक बारीक चपटा जंत वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी होतात. असे तुकडे पुरा किंवा जाळा. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी वजनाप्रमाणं जंताचं औषध द्या. पिल्लांना ते दोन आठवड्यांचं वय झाल्यापासून आणि लवकर लवकर द्यावं लागतं. त्याचं वेळापत्रक डॉक्टरांकडून घ्या.

कधी थांबायचं नाही

घरी वाट न बघता दवाखाना गाठायची लक्षणं अशी: सारखी उलटी होऊन पाणीही न टिकणं, शीत भरपूर रक्त, पोट फुगून टम्म होणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, कुत्रं उठू न शकणं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच जागेवर बसली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. उलटी नसेल आणि कुत्रं शुद्धीवर असेल तर वाटेत घोट घोट मीठ-साखरेचं पाणी प्यायला ठेवता येतं. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जबरदस्तीनं ओतू नका, पाणी श्वासनळीत जातं. लहान पिल्लाला उलट्या आणि घाण वासाची रक्ताळलेली हगवण लागली तर एक तासही घालवू नका. तो पार्व्हो असू शकतो. त्याची लस आहे, ती वेळेवर टोचून घ्या.

आणि हे फार महत्त्वाचं. कुत्र्याची लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, वागणं बदललंय, तर हाड अडकलंय असं समजून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. कुत्रं चावलं किंवा त्याची लाळ जखमेला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीज झाल्यावर माणूस वाचवता येत नाही. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घेतली तर ही वेळ सहसा येत नाही.

सांभाळणारीलाही आधार हवा

आता थोडं तुमच्याविषयी. आजारी जनावराचं करणं बहुधा घरातल्या एकाच बाईवर पडतं. रात्री दोनदा उठायचं, अंगण धुवायचं, भात वेगळा शिजवायचा, वर बोलणी खायची. मलाही एकदा वाटलं होतं, हा मेला तर सुटेल. तसं मनात आल्याची मला फार दिवस टोचणी होती. आज सांगते, थकलेल्या बाईच्या मनात असं येतं. त्यावर उपाय एकच, काम वाटून घ्यायचं. आमच्याकडं खाणं आत्याबाईंचं, वही मुलीची, दवाखाना मालकांचा, शी उचलणं माझं. मी गावाला गेले तर माझं काम मुलगा करतो.

सोडून देण्याचा विचारही करू नका. आजारी कुत्रं बाजारात सोडलं तर ते उपाशी मरतं, आणि त्याचे जंत दुसऱ्या गल्लीत जातात. जनावराला उपासमारीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हासुद्धा आहे.

कधीकधी सगळं करूनही जनावर हाती लागत नाही. खाणं सुटतं, उठणं सुटतं, डोळ्यांत ओळख राहत नाही. तेव्हा डॉक्टरांशी स्पष्ट बोला. त्याला वेदना आहेत का, अजून काही करण्यासारखं आहे का, विचारा. वही तेव्हाही कामी येते. महिन्यात चांगले दिवस किती आणि वाईट किती, ते तीच सांगते. वेदनेतून सोडवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हा निर्णय घरानं मिळून घ्यावा. त्याचा दोष एका बाईच्या माथी मारू नये.

आमचा मोत्या अजून आहे. आजार गेला म्हणाल तर नाही. मधे दोनदा उलटला. एकदा लग्नघरच्या पत्रावळी चाटल्या म्हणून, आणि एकदा कारणच कळलं नाही. पण दोन्ही वेळा आम्ही घाबरलो नाही. वही उघडली, साध्या भातावर आणलं, डॉक्टरांना फोन केला. दहा दिवसांत आकडा खाली आला. तीन वर्षांत दोन वह्या भरल्या. तिसरी चालू आहे.

आणि त्या बैठकीतल्या ताई? मी त्यांना भात-अंड्याचं काही सांगितलं नाही. आधी शी तपासायला पाठवलं. त्यांच्या कुत्र्याला अंकुशकृमी निघाले. औषधाचे डोस झाले, अंगण रोज साफ होतंय, आणि कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी व्हायला लागल्यात. माझ्या मोत्याचा उपाय त्यांनी केला असता तर अंडीही गेली असती आणि रक्तही.

तेव्हा तुमच्या दारात असं कुत्रं असेल तर आज रात्रीच एक जुनी वही काढा. आजची तारीख घाला आणि त्यानं दिवसभरात काय काय खाल्लं ते घरातल्या प्रत्येकाला विचारून लिहा. कुणावर रागावू नका, नाहीतर खरं कळणार नाही. आठ दिवसांची वही घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. दवाखाना कुठं ते माहीत नसेल तर पशुपालकांसाठीच्या १९६२ या क्रमांकावर विचारून बघा. आणि बैठकीत कुत्र्याचं विचारायला लाजू नका.

पुढच्या भेटीत पुन्हा शेळ्यांकडं वळू. नमस्कार.